निरुपयोगाचा दाखला

त्या राज्यात दोनच प्रांत होते, पुढे अंगण आणि मागे परस. अंगणात राहणाऱ्यांना लोक बघत असत आणि परसात राहणाऱ्यांना खात असत. यातलं वाईट कोणतं याचा कुणी खोलात जाऊन विचार केला नव्हता, पण परसातल्या बहुतेकांचं मत पक्कं झालेलं होतं.

दोन्ही प्रांतांच्या मध्ये बांबूची ताटी होती. एका बाजूला फरशी, रंगवलेल्या कुंड्या आणि सकाळ-संध्याकाळ झारीचं पाणी. दुसऱ्या बाजूला माती, वाफे आणि घरात वापरून उरेल ते मोरीचं पाणी. त्यात कधी तांदळाचं धुवण असे, कधी भांड्यांची राख. राज्यावर सत्ता दोन हातांची. अंगठी घातलेला हात अंगण सांभाळी. तो पाणी घाली, पानं पुसे, आल्यागेल्याला बोटाने कुंड्या दाखवी. काकणं घातलेला हात परस सांभाळी आणि दर आठ दिवसांनी येऊन खुडून नेई. हातांच्या वर काय असतं हे कोणत्याच झाडाला ठाऊक नव्हतं. वर बघायची त्या राज्यात पद्धतच नव्हती, सगळे एकमेकांकडे बघण्यात गुंतलेले असत.

परसाच्या टोकाला, ताटीला लागून, लाल माठाची एक ओळ होती. एका मुठीतून सांडलेलं बी, म्हणजे सगळे सख्खे भाऊ. ओळीत शेवटचा, ताटीला सगळ्यात जवळ, तो तांबू. त्याच्या शेजारी गेणू, त्याच्याहून दोन दिवसांनी उगवलेला आणि म्हणून जन्मभर धाकटा ठरलेला. तांबू दिसायला खरोखरच देखणा होता. ऊन त्याच्या पानांतून आरपार गेलं की खालची माती गुलाबी होई. हे त्याच्या सगळ्याच भावांच्या बाबतीत होई, पण बाकीच्यांनी खाली वाकून बघितलं नव्हतं आणि तांबूने बघितलं होतं. तिथून त्याचं बिनसलं.

माठाच्या जातीचं एक आहे. शेंडा खुडला की खालच्या दोन डोळ्यांतून दोन फुटवे येतात. ते खुडले की चार. काकणांचा हात यायचा तेव्हा दुखायचं, नाही असं नाही. टच्‌ असा आवाज व्हायचा आणि दिवसभर त्या जागी गार लागत राहायचं. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच जागी काहीतरी हुळहुळायला लागायचं आणि आठव्या दिवशी ओळ पुन्हा भरून उभी राहायची. सगळी ओळ हे असंच धरून चालत होती. तांबूला मात्र हा अपमान वाटे.

"दर आठवड्याला कुणीतरी यायचं आणि मुंडकं उडवून न्यायचं. याला काय जगणं म्हणतात?" तो म्हणे.

त्याच्या बाजूला, मोरीच्या तोंडाशी, अळूमावशी राहत असे. जांभळ्या देठाची, रुंद पानांची, राख-साबण काय येईल ते पिऊन टुणटुणीत राहिलेली बाई. दुपारचं ऊन फार झालं की ती आपलं एक पान तांबूवर कलतं धरी. ती म्हणाली, "बाबा, खुडतात म्हणजे घरात आपली आठवण निघते. मला तर सणावारी आधी शोधतात. आणि तुला परत फुटायला होतंय ना? मग कुरकुर कसली करतोस?"

"तुमचं आयुष्य मोरीवर गेलं मावशी. तुम्हाला नाही कळायचं."

मावशीला ते लागलं. पण तिने पान काढून घेतलं नाही.

ताटीपलीकडे अंगणात एक निवड मंडळ होतं. परसातून कुणाला अंगणात घ्यायचं ते हे मंडळ ठरवी, निदान मंडळाची तशी समजूत होती. खरं म्हणजे अंगठीच्या हाताला वाटेल ते झाड तो वाटेल तेव्हा उचलून आणी. मग दुसऱ्या दिवशी मंडळाची सभा भरे आणि हे आपण कालच ठरवलं होतं असा ठराव एकमताने मंजूर होई. मंडळाचा एकही निर्णय आजवर अंमलात आल्यावाचून राहिला नव्हता, याचा सगळ्या अंगणाला अभिमान होता.

अध्यक्ष होते मखमलराव. जातीने कोंबडा, म्हणजे डोक्यावर लाल मखमलीचा जाडजूड तुरा मिरवणारं ते फूलझाड. तुऱ्याच्या वजनाने त्यांची मान थोडी पुढे झुकलेली असे आणि बघणाऱ्याला तो विचारवंतपणा वाटे. चिटणीस चित्राबाई क्रोटन. त्यांच्या एकाच पानावर हिरवा, पिवळा, तांबडा, सगळे रंग होते, त्यामुळे कोणत्याही विषयावर त्यांचं मत विचारलं तर ते आधीपासूनच तयार असे. बाकीचे सभासद कुंड्यांतून बसत आणि वारा येईल तशा माना हलवत.

तांबूने ताटीच्या फटीतून आपला अर्ज तोंडी गुदरला.

"नाव?" चित्राबाईंनी विचारलं.

"तांबू."

"हा नुसता रंग झाला, नाव कुठे झालं? आरक्तपर्ण म्हणू आपण. तर आरक्तपर्ण, आपला उपयोग काय?"

इथे तांबूने भोळेपणाने खरं उत्तर दिलं. छाती काढून म्हणाला, "माझी भाजी होते. लसणीची फोडणी दिली की नुसत्या भाकरीबरोबर जाते. आणि बाळंतिणीलासुद्धा..."

अंगणात शांतता पसरली. चारचौघांत घरातल्या म्हाताऱ्याने नको ते बोलून जावं आणि सुनांनी पदराकडे बघत बसावं, तशी. मोगऱ्याची एक कळी तर उमलता उमलता थांबली.

"तरुण आहे, चुकतो," मखमलराव समजूतदारपणे म्हणाले. "हे पाहा, आपण रंगाने उत्तम आहात. पण अंगणाची म्हणून काही परंपरा आहे. इथे उभं राहायचं तर निरुपयोगाचा दाखला लागतो. सलग तीन आठवडे ज्याचं एकही पान कुणाच्या तोंडात गेलेलं नाही, आणि ज्याचा आपल्याला काही उपयोग झाला नाही असं शेजाऱ्याने उघडपणे सांगितलं आहे, त्याचाच विचार होतो. आमच्यापैकी प्रत्येकाने तो दाखला मिळवला आहे. या चित्राबाई. यांचं पान बकरीसुद्धा तोंडात घेऊन थुंकते."

चित्राबाईंनी संकोचाने रंग बदलले.

तांबू कामाला लागला. खुडायचं टळायचं तर एकच मार्ग होता, जून व्हायचं. काकणांच्या हाताची परीक्षा साधी असते. देठ दोन बोटांत धरून वाकवायचा, टच्‌ दिशी मोडला तर कोवळा, नुसता लवला तर सोडून पुढे जायचं. कोवळेपणा येतो पाण्याने. तेव्हा तांबूने पाणी तोडलं. मोरीचा पाट ओळीजवळ आला की तो मुळं आखडून घेई आणि पाणी त्याच्या बाजूने निघून जाई. पहिले चार दिवस जीव कासावीस झाला. दुपारी पानं माना टाकत. पण गंमत अशी की तहानेने त्याचा रंग उतरला नाही, उलट काळपट तांबडा, जरीच्या काठासारखा दाट झाला. तांबूला वाटलं, आपला खरा स्वभाव आता बाहेर पडतो आहे.

आठव्या दिवशी काकणांचा हात आला. त्याने तांबूचा देठ वाकवला. देठ लवला, मोडला नाही. हात थबकला आणि गेणूकडे वळला.

आता घरात माणसं तेवढीच होती आणि पातेलंही तेवढंच. ते भरायचं तर तांबूच्या वाट्याचं कुणाकडून तरी घ्यायलाच हवं होतं. हाताने गेणूचा शेंडा घेतला आणि मग राहवेना म्हणून खालचे दोन फुटवेही घेतले. पुढच्या आठवड्यात तेच झालं. गेणूच्या अंगावर दोन पानं राहिली.

"दादा," गेणू म्हणाला, "तुझ्या वाटचं माझ्यावर येतंय. मला फुटायलाच वेळ मिळत नाही."

"थोडी कळ काढ रे," तांबू म्हणाला. "मी एकदा पलीकडे पोचलो की तुम्हा सगळ्यांना वर ओढून घेतो. घरातलं एक कुणीतरी आधी जावंच लागतं."

हे म्हणताना तो खरंच बोलत होता. अशी वाक्यं बोलणारे बोलताना नेहमी खरंच बोलत असतात.

तीन आठवडे भरले. राहिली शेजाऱ्याची साक्ष. तांबूने अळूमावशीला गळ घातली. ती आधी ऐकेचना.

"अरे, मी आपल्या तोंडाने कसं सांगू? लेकरासारखा तू. तुझ्याबद्दल वाईट सांगितलं तर जीभ झडेल माझी."

"यात वाईट काय आहे? तिकडे हाच मोठेपणा आहे. पण तुम्हाला तो कुठून समजणार म्हणा. तुम्हाला कुणी कापलं की तुम्ही दिवाळी साजरी करता."

सायंकाळी मावशीने ताटीकडे तोंड केलं आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "या पोराचा मला कधी काडीचाही उपयोग झालेला नाही." ती हे तांबूच्या मनाखातर बोलायला गेली होती. बोलून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की यात खोटं असं काहीच नाही. त्या रागाने नव्हे, पण त्या दिवसापासून तिचं ते कलतं पान आपोआप सरळ झालं.

दुसरी मुलाखत झाली. या खेपेला तांबू तयारीत होता. उपयोग विचारला तर त्याने "शोधूनही सापडला नाही" असं उत्तर दिलं आणि सभासदांनी कौतुकाने माना हलवल्या.

"आणि घराण्यात?" चित्राबाई म्हणाल्या. "आपल्या रक्ताचं कुणी खाल्लं गेलेलं आहे का?"

तांबू अडखळला. त्याच्या पाठीशी सगळी ओळ उभी होती आणि गेणूच्या देठावरची परवाची जखम अजून ओली होती.

तेवढ्यात अंगणाच्या पायरीशी, फरशीच्या सांध्यातून, एक बारीकसा आवाज आला. तिथे एक कुरडू उगवला होता. डोंगरउतारावर आपोआप येणारी, गरिबाघरी भाजी करून खाल्ली जाणारी ती रानभाजी. डोक्यावर फिकट गुलाबी बोंड, अंगावर धूळ. तो मखमलरावांकडे टक लावून बघत होता.

"काय रे भाऊ," कुरडू आनंदाने म्हणाला, "ओळखलं नाहीस का? एकाच आजोबांचे आपण. हा तुरा केवढा वाढवलास. घरी सगळे विचारत असतात तुझं."

मखमलरावांची मखमल आणखी गडद झाली. त्यांनी कुरडूकडे बघितलं, मग त्याच्या मागच्या भिंतीकडे बघितलं, आणि अत्यंत सौम्यपणे म्हणाले, "पावसाळ्यात फरशीत काय काय उगवतं. पुढचा विषय घ्या."

कुरडू थोडा वेळ वाट बघत राहिला. मग अंगठीचा हात झाडू घेऊन आला आणि त्याने त्याला मुळासकट उपटून पायरीखाली टाकलं. मंडळाने ते पाहिलं नाही.

तांबूने मात्र पाहिलं, आणि पाठही केलं. तो ओळीकडे न वळता म्हणाला, "ही मागची मंडळी मला शेजारी म्हणून माहीत आहेत. वाफा एक असला तरी आमचा तसा काही संबंध नाही."

गेणूने ते ऐकलं. त्याला त्या दिवशी दोन नवे फुटवे येत होते आणि सगळं लक्ष तिकडे लागलं होतं.

अर्ज विचाराधीन ठेवण्यात आला. तो तसाच राहिलाही असता, पण चार दिवसांनी दरवाजाजवळच्या निळ्या कुंडीतली शेवंती सुकून गेली आणि त्या कोपऱ्याला भोक पडल्यासारखं दिसू लागलं. अंगठीचा हात काहीतरी लाल शोधत परसात आला. ओळीतले बाकीचे खुडून खुडून ठेंगणे झालेले, एकटा तांबू उंच, भरगच्च, गडद. हाताने खुरप्याने त्याला मातीसकट उचललं आणि निळ्या कुंडीत नेऊन बसवलं. दुसऱ्या दिवशी सभा भरली. आरक्तपर्ण यांची बहुमताने नव्हे तर एकमताने निवड करताना मंडळाला विशेष आनंद होत असल्याचं मखमलरावांनी सांगितलं.

पहिले दिवस फार सुखाचे गेले. हे कबूल करायला हवं. झारीचं पाणी वरून, बारीक धारांनी, डोक्यावर पडे. मोरीच्या पाण्याला सगळ्या घराचा वास असे, याला कशाचाच नव्हता. आलेले पाहुणे चपला काढता काढता त्याच्याकडे बघत. त्या बघण्याला चप्पल निघायला लागतो तेवढाच वेळ लागे, पण आख्ख्या जन्मात त्याच्याकडे कुणी नुसतं बघितलं नव्हतं. आठवा दिवस आला आणि गेला. कुणी खुडायला आलं नाही. तांबूने त्या संध्याकाळी ताटीकडे पाहून मोठ्याने सुस्कारा टाकला, सगळ्या ओळीला ऐकू जाईल असा.

दहाव्या-बाराव्या दिवशी त्याला काहीतरी वेगळं जाणवू लागलं. खालच्या डोळ्यांपाशी हुळहुळत होतं. फुटवे यायला बघत होते, पण वरचा शेंडा शाबूत असल्यामुळे त्यांना वाट मिळत नव्हती. सगळा जोर वर निघाला होता. तांबू उंच होत चालला, अंगाने बारीक, पायथ्याशी उघडा. मग एका सकाळी त्याच्या डोक्यावर तुरा आला.

अंगणात जल्लोष झाला. मखमलराव स्वतः म्हणाले, "आता आपण खऱ्या अर्थाने आमच्यातले झालात." चित्राबाईंनी तुऱ्यावर छोटंसं भाषण केलं. तांबूही हरखला. तुरा म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. परसात आजवर कुणा माठाला तुरा येईपर्यंत राहू दिलेलंच नव्हतं.

तुरा वाढला तशी पानं उतरायला लागली. आधी तळची पिवळी पडून गळाली, मग मधली बारीक झाली. तुऱ्यात काळं, चकचकीत बी भरलं. त्या बियांसाठी चिमण्या आल्या. त्या तुऱ्यावर लोंबकळून दाणे टिपू लागल्या आणि तांबूला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. ओळखीचं कुणी घरी आल्यासारखं.

"आरक्तपर्ण," चित्राबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "आपल्याला खात आहेत."

तांबू दचकला. त्याने अंग झटकलं. चिमण्या भुर्रकन उडाल्या आणि उरलेले दाणे फरशीवर सांडले. माती असती तर त्यांतून काही उगवलं असतं. फरशी दुसऱ्या दिवशी झाडून निघाली.

त्यानंतर तांबूला झोप लागेना. अंगात फुटायची कळ भरून राहिली होती आणि फुटायला जागा नव्हती. ताटीपलीकडे ओळ दर आठ दिवसांनी कापली जात होती आणि दर आठ दिवसांनी हिरवी-तांबडी होऊन उठत होती. गेणू आता रुंद झाला होता, एकाचे सोळा झाले होते त्याचे. तांबूला पहिल्यांदाच नीट कळलं की खुडून घेणारा हातच आपल्याला इतके दिवस जगवत होता. आणि त्याला भीती वाटली, अगदी साधी भीती, मरायची. कुणीतरी आता यावं आणि आपला शेंडा मोडून न्यावा, असं त्याला इतकं वाटू लागलं की लाज वाटायचं राहून गेलं. पण मंडळासमोर हे कोणत्या शब्दांत बोलणार?

एका दुपारी घरात अचानक पाहुणे आले. परसातली ओळ त्याच सकाळी खुडून झालेली होती. काकणांचा हात पातेलं घेऊन भाजीपुरतं काही मिळतंय का ते बघत परसभर फिरला आणि पहिल्यांदाच ताटी उघडून अंगणात आला.

अंगणाचे धाबे दणाणले. चित्राबाईंनी पानं मिटून घेतली. मखमलराव आपण मुळात खाण्यासारखे नाही हे शक्य तेवढ्या भारदस्तपणे दिसण्यातून सांगू लागले. हात कुंड्यांवरून फिरत फिरत निळ्या कुंडीपाशी आला आणि थांबला.

त्याने तांबूला ओळखलं होतं.

तांबूने होतं नव्हतं तेवढं पाणी मुळांतून ओढून देठात आणलं. झारीतून आलेलं, मोरीतून आलेलं, जन्मल्यापासूनचं. मोड, तो मनात म्हणत होता, एवढ्या वेळेला मोड. मंडळ बघतंय तर बघू दे. काकणं किणकिणली. दोन बोटांनी देठ धरला आणि वाकवला. देठ लवला. बोटांनी खालून धरला, वरून धरला, शेंड्याशी राहिलेलं एक पान चुरून बघितलं. पानाचे दोरे निघाले.

"जून झालाय," वरून कुठूनतरी आवाज आला. त्या राज्यात वरून ऐकू आलेला तो पहिला शब्द.

पान फरशीवर पडलं. हात परत परसात गेला, गेणूपाशी बसला, सकाळी खुडलेल्या जागेच्या खाली चार कोवळे फुटवे राहून गेले होते ते त्याने शोधून काढले. टच्‌, टच्‌ असा आवाज ताटीच्या फटीतून येत राहिला. तांबू तो मोजत होता.

अंगणाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच सभा बोलावली. प्रत्यक्ष काकणांच्या हाताने, साक्षीपुराव्यासह, तोंडाने उच्चारून दिलेला दाखला आजवर कुणालाच मिळालेला नव्हता. आपले सगळ्यांचे दाखले शेवटी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरचे, हे मखमलरावांनाही मोठ्या मनाने मान्य करावं लागलं. त्यांनी अध्यक्षपद आरक्तपर्ण यांच्यासाठी सोडलं. सकाळच्या झारीचं पहिलं पाणी यापुढे निळ्या कुंडीला, असं ठरलं. अंगठीचा हात दरवाजाजवळची कुंडी म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करत असे, त्यामुळे तोही ठराव ताबडतोब अंमलात आला.

नव्या अध्यक्षांनी आभाराचं भाषण केलं नाही. ते मितभाषी आहेत, असं चित्राबाई म्हणाल्या. दुसऱ्या आठवड्यातही ते बोलले नाहीत. अंगावर पान उरलं नव्हतं, रंग कधीच गेला होता, नुसती काडी वाऱ्याने खडखडत होती. ते खडखडणं सभासद कान देऊन ऐकत आणि त्यावर चर्चा करत. मग एक दिवस अंगठीच्या हाताने ती काडी ओढून काढली आणि पाण्याच्या बंबात जळणाला दिली. कुंडी तिथेच राहिली. तिच्यात नवीन काही लावायचं हाताच्या मनात होतं, पण राहून गेलं.

मंडळाला प्रश्न पडला. अध्यक्ष आहेत की नाहीत? चित्राबाईंनी बराच वेळ निळ्या कुंडीकडे निरखून पाहिलं. झारी रोजच्यासारखी तिच्यावर आधी वाकत होती. पाहुणे चपला काढता काढता रोजच्यासारखे तिकडे बघत होते. पान नाही, देठ नाही, कुणी वाकवून बघेल असं काहीच नाही. चित्राबाईंचे सगळे रंग एकदम उजळले.

"इतकं कुणालाच साधलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

मखमलरावांनी रिकाम्या कुंडीपुढे तुरा लववला. त्यांच्यामागे सगळं अंगण लवलं. अध्यक्षांच्या सन्मानार्थ यंदा परसातून नवे अर्ज मागवावेत, असा ठराव झाला आणि चित्राबाईंनी तो ताटीच्या फटीतून वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झारी आली आणि निळ्या कुंडीत नेहमीइतकंच पाणी पडलं. धरून ठेवायला मुळं नव्हती. पाणी मातीतून सरळ तळाच्या भोकाशी गेलं, फरशीवर आलं, उतार धरून ताटीखालून परसात शिरलं आणि माठाच्या ओळीपर्यंत पोचलं. स्वच्छ पाणी होतं, वास नसलेलं. गेणूच्या सोळाही देठांवर कालची खूण अजून ओली होती. कालचा ठराव त्याने फटीतून ऐकला होता. पाणी जवळ येताना त्याने बघितलं आणि दादा घेत असे तशी हळूच मुळं आखडून घेतली. त्याच्या शेजारच्यानेही घेतली, मग त्याच्या शेजारच्याने. पाणी ओळीच्या कडेकडेने वाहत अळूमावशीपाशी गेलं, आणि ती ते पिऊ लागली.